उंट, बकरी आणि माझा मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतकी मनापासून कार्टून पाहिलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांनी ती गोष्ट लपवून ठेवली असेल. आमच्याकडे लपवायची सोय राहिलेली नाही. वय सेहेचाळीस, डोक्यावर मधोमध टक्कल, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढण्याचं काम, घरी बायको आणि एक मुलगी, एवढा संसार असलेला हा माणूस कुणाशी नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला विचारतो, "तुमचं आवडतं कार्टून कुठलं?" समोरचा सावरतोय तोवर लगेच, "आन् नावडतं?" त्याच्या मते माणूस आवडत्यावरून कळत नाही, नावडत्यावरून कळतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्याला एकदा घेऊन गेले, तर त्यानं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना हा प्रश्न टाकला. बाई इतक्या करड्या, की त्यांच्या समोरून जाताना मी अजून साडीचा पदर नीट करते. त्या तशाच पुढे निघून गेल्या. मी आठवडाभर नोकरीची काळजी करत होते. मग एक दिवस शिक्षकखोलीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, एक पेंग्विन होता. नाव आता आठवत नाही."

तो मूळचा मोडनिंबचा. त्याच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत टीव्ही एकच, तोही पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घरी. लाकडी सरकत्या दाराचा, काळापांढरा आणि वर गिरणीच्या पिठाचा थर. रविवारी सकाळी त्यावर एक कार्टून लागायचं. त्यात एक उंट होता. तो वाळवंटात टपाल वाटायचा. आणि त्याच्या मागे एक बकरी असायची, तिला त्याच्या पिशवीतली पत्रं खायची असायची. बस्स, एवढंच. कुणी एक शब्द बोलत नसे. बकरी खड्डा खणायची आणि स्वतःच त्यात पडायची, दोर लावायची आणि स्वतःच उलटी टांगली जायची, डोंगरावरून शिळा ढकलायची आणि खाली धावत जाऊन बरोबर तिच्याचखाली उभी राहायची. भाकरीसारखी चपटी व्हायची, उठायची, अंग झटकायची, पुन्हा उंटाच्या मागे. माझा मावसभाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. ते पहिल्यांदा पाहून तो घरी आला आणि जेवला नाही, असं मावशी सांगायची. तिला वाटलं ताप आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुढचा रविवार कवा हाय?"

त्या गिरणीवाल्यांकडे चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. कोणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून "आला, आला, गेला" असा पुकारा व्हायचा. त्यामुळे चौथी झाल्यावर त्यानं आईला पटवलं की सोलापूरच्या शाळा लई भारी असतात. मावशीला पोराच्या शिक्षणाच्या ओढीनं गहिवरून आलं आणि तिनं त्याला आमच्याकडे पाठवलं. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तो मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणतो. आला तेव्हा त्यानं पिशवी दारात ठेवली, सरळ टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, त्याच्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "पीठ न्हाय." मग वळून आईच्या पाया पडला. शाळा कुठली, वर्ग कुठला, याची चौकशी त्यानं तिसऱ्या दिवशी केली.

आमच्या घरी रविवारी साडेआठपासूनच तो आंघोळ करून, भांग पाडून बसायचा. देवळात जाताना त्यानं कधी भांग पाडल्याचं मला आठवत नाही. त्या काळी अधूनमधून चित्र जाऊन 'व्यत्यय' अशी पाटी यायची. आम्ही बाकीचे उठून कामाला लागायचो. तो त्या पाटीसमोर मांडी घालून बसून राहायचा. एकदा अर्धा तास पाटी होती, आणि पाटी गेली तेव्हा बातम्या सुरू झाल्या. मी म्हटलं, "बघ, उगाच बसलास." तर म्हणाला, "बकरी तितं मागं काय करत आसंल त्याचा इचार करत हुतो." त्यानं तेवढ्या वेळात दोन युक्त्या शोधून काढल्या होत्या. त्या मला काढूनही दाखवल्या, माझ्या भूगोलाच्या वहीत, मान्सूनच्या वाऱ्यांवरून.

मोडनिंबला त्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त निघाला तो नेमका रविवार सकाळचा. कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि हा एकुलता एक. भटजींनी "मुलीच्या भावाला बोलवा" म्हटलं, तर भाऊ मांडवात नाही. मांडवातून माणसं चारी दिशांना पांगली. विहिरीत वाकून पाहून झालं. शेवटी मलाच सुचलं आणि मी गिरणीवाल्यांकडे पळाले. हा नवा सदरा, टोपी, कपाळावर कुंकू, अशा थाटात एकटा टीव्हीपुढे बसलेला. मी दंड धरून ओढलं तर म्हणाला, "आक्का, बकरी कड्याच्या टोकावर हाय, दोन मिनिटं." मी ओढतच आणला. डोक्यात अजून कार्टूनच चाललेलं. त्यात कान पिळला की दोरीसारखा पीळ बसतो आणि सोडला की भिंगरीसारखा उलट फिरतो. त्यानं नवरदेवाचा कान त्या हिशोबानं पिळला. नवरदेवाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वाजंत्र्यांना वाटलं वाजवायची खूण झाली, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं होत आली, पण आमचे दाजी अजून त्याच्या उजव्या हाताला बसत नाहीत.

नावडत्या कार्टूनांची त्याची यादी लांब आहे आणि ती तो आवडत्यांपेक्षा जास्त चवीनं सांगतो. पहिला नंबर एका शहाण्या मुंगुसाचा. हा मुंगूस ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवायचा, चष्मा सारखा करायचा आणि विचारायचा, "तर मुलांनो, आज आपण काय शिकलो?" माझा मावसभाऊ दहा वर्षांचा असताना त्या प्रश्नावर उठून गेला तो कायमचा. "आठवड्यात सा दिवस शाळा हाय की," तो म्हणायचा, "हे सातव्या दिवशी कशाला घरात येतंय?" मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा मोडनिंबहून सगळ्यांनी कौतुकाची पत्रं पाठवली. सुट्टीला तिकडे गेलेल्या यानं पोस्टकार्डावर फक्त एका मुंगुसाचं चित्र काढून पाठवलं. मुंगुसाला साडी होती.

मग केबल आली, रंग आले, आणि दिवसभर कार्टून लागायला लागली. आम्हाला वाटलं आता हा तृप्त होईल. झालं उलटंच. त्याला रविवारी सकाळी वाट पाहायची सवय. वाटच पाहावी लागत नाही म्हटल्यावर त्याचा मूडच गेला. त्यात नवी कार्टून म्हणजे लोखंडी माणसांची. दोघं एकमेकांसमोर उभे राहून मी कोण, माझा बाप कोण, मी तुझा बदला का घेणार, हे दहा मिनिटं हिंदीत सांगायचे आणि मग एक ठोसा. "मारायच्या आधी एवढं भाषण," तो वैतागून म्हणायचा. "आमचे गणिताचे सरसुदिक आधी मारायचे, मग बोलायचे." पण या नावडीतूनच त्याची आवड पक्की होत गेली. त्याला पडणारे लागायचे. पडून उठणारे. कार्टूनमधला प्राणी कड्यावरून पुढे हवेत धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, हा तर त्याचा आयुष्याचा नियमच झाला होता. बारावीचा निकाल लागला तेव्हा तो चार दिवस बघायलाच गेला नाही. "जोवर बघत न्हाय तोवर पास हाय," म्हणाला. पाचव्या दिवशी माझे वडील जाऊन बघून आले. मग तो पडला.

पण हात मात्र सोन्याचा होता. सगळ्या वह्यांत चित्रं काढून काढून तो असा बसला होता की कारखान्यात गेल्या गेल्या नक्षीच्या खोलीत त्याची वर्णी लागली. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत फुलं, वेली, कोयऱ्या काढायच्या. मग मागावर त्या टॉवेलात उतरतात. पहिली दोन वर्षं त्यानं निमूट कोयऱ्या काढल्या. तिसऱ्या वर्षी मालकांनी लग्नसराईसाठी मोर काढायला सांगितला. यानं आठवडाभर खपून मोर काढला. मालक कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मोराला पाय किती असतात?"

"दोन."

"हे आठ आहेत."

"पळतुया मालक. लई जोरात पळतुया, म्हणून आठ दिसत्यात."

मालक भला माणूस. त्यांनी तो कागद परत दिला आणि दोन पायांचा उभा मोर काढायला सांगितलं. पण चुकून पळणाऱ्या मोराचाच कागद मागापर्यंत पोचला आणि एक गठ्ठा टॉवेल विणून झाले. ते बाजारात गेलेच नाहीत. मालकांनी ते याच्याच गळ्यात घातले, यानं ते नातेवाइकांत वाटले. आमच्या खानदानात पाच-सहा वर्षं कुणाचंही तोंड दुसऱ्या टॉवेलानं पुसलं गेलं नाही. माझ्या सासूबाई तो टॉवेल तोंडाला लावायच्या आधी उलटा करून घ्यायच्या, कोळी आहे अशी त्यांची समजूत होती.

त्याचं लग्न जमवणं हे आमच्या घरातलं मोठं काम होऊन बसलं. स्थळं यायची, मुलगी बघायला आम्ही जायचो, पोहे व्हायचे, आणि मग हा विचारायचा, "तुमचं आवडतं कार्टून कुठलं?" एका मुलीच्या वडिलांनी मला बाहेर बोलावून, मुलगा डोक्यानं ठीक आहे ना, असं स्पष्ट विचारलं होतं. दुसऱ्या एकीनं हुशारीनं शहाण्या मुंगुसाचं नाव घेतलं. ते स्थळ तिथंच संपलं. शेवटी दुधनीचं एक स्थळ आलं. घरी सगळं कन्नड. मुलगी मराठी बोलायची, पण प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून. यानं तिला प्रश्न विचारला. मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "आमच्याकडं टीव्ही उशिरा आला. एक उंटाचं होतं, तेवढं बघितलंय शेजारी."

हा खुर्चीत सरसावून बसला. "आवडलं?"

"न्हाई," ती म्हणाली. मग थोडा वेळ विचार करून, "त्या बकरीला एकदा तरी एक पत्र खाऊ द्यायला पाहिजे होतं की."

परतीच्या एसटीत अक्कलकोट गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, मी पंचवीस वर्सं हसत हुतो. त्या बकरीला भूक लागली आसंल हे माज्या ध्यानातच आलं न्हाय." महिन्याभरात लग्न झालं.

मुलगी झाली ती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, खूप दवाखाने झाल्यावर. तिला त्यानं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी तिथं होते. तो तिला काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, मग मला म्हणाला, "हिला सगळं पयल्यापासनं दाखवायचं." आणि खरोखरच त्यानं अभ्यासक्रम आखावा तसं सगळं आखलं. कुठून कुठून जुन्या तबकड्या जमवल्या. उंटाचे भाग आधी, मग बाकीचे. पोर आठ महिन्यांची असताना तिला मांडीवर घेऊन तो टीव्हीसमोर बसायचा आणि बकरी पडली की तिच्या तोंडाकडे बघायचा. पोर बकरीकडे ढुंकून बघायची नाही. तिला आवडला एक गुलाबी गेंडा. हा गेंडा फोनवर यायचा, झाडूएवढ्या पापण्या फडफडवत दात घासण्याचं गाणं म्हणायचा, मग त्याच चालीवर केस विंचरण्याचं, त्याच चालीवर रंगांची नावं. कधी पडायचा नाही, घसरायचासुद्धा नाही. माझ्या मावसभावाच्या नावडीच्या यादीत मुंगुसाला पहिल्यांदाच खाली यावं लागलं. पण पोर गेंडा लावला की जेवायची, गेंडा लावला की झोपायची, आणि हा बाप दात-ओठ खात दिवसाला वीस वेळा तो गेंडा लावायचा. कारखान्यात नक्षी काढतानाही त्याच्या तोंडात दात घासण्याचं गाणं असायचं, असं तिथले लोक सांगतात.

पोर दोन वर्षांची झाली, अडीच झाली, आणि बोलेना. आई नाही, अप्पा नाही, पाणी नाही. हाक मारली तर बघायची नाही, गेंड्याचं गाणं लागलं की शेजारच्या खोलीतून धावत यायची. आधी आम्ही म्हणालो, उशिरा बोलतात काही मुलं. मग कुणी म्हणालं, घरात दोन भाषा आहेत म्हणून. त्याची बायको तर घाबरून लेकीशी कन्नड बोलायचीच बंद झाली. मराठी जेवढं यायचं तेवढंच बोलायची आणि बाकीचा वेळ गप्प. मला ते बघवायचं नाही. शेवटी आम्ही तिघं पोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, शांत. त्यांनी कान तपासून घेतले, ते उत्तम होते. खेळणी पुढे टाकून पोरीकडे बघत बसल्या. मग विचारलं, "दिवसभर तिच्याशी कोण बोलतं?"

"टीव्ही बोलतोय की," तो म्हणाला. "आन् फोन."

"टीव्ही बोलतो," बाई म्हणाल्या, "पण तो ऐकत नाही. मूल बोलायला शिकतं ते ऐकणाऱ्याशी." मग त्यांनी त्याच्या बायकोला सांगितलं की कन्नड बोला, मनात येईल ते बोला, भाषा दोन काय चार असू द्यात. आणि त्याला सांगितलं, वर्षभर घरात पडदा नको. टीव्हीचा मोठा नाही, फोनचा छोटा नाही, काहीच नाही. दर आठवड्याला मुलीला घेऊन या.

बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मी काहीतरी धीर द्यायचा म्हणून बोलू लागले, तर त्यानं हात वर केला. "मीच केलं," एवढंच म्हणाला. त्याला इतका लहान झालेला मी मुहूर्ताच्या दिवशी गिरणीवाल्यांकडेही पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी तो टीव्ही चादरीत गुंडाळून रिक्षातून माझ्या घरी घेऊन आला. "आक्का, ठेव. मी मागितला तरी देऊ नको." मी तो पलंगाखाली सरकवला. नंतर तो दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा, चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि निघताना पलंगाकडे मान करून विचारायचा, "बरा हाय का?" मी म्हणायचे, बरा आहे. आजारी नातेवाइकाची चौकशी केल्यासारखा समाधानानं जायचा.

आणि घरी त्यानं काय आरंभलं होतं ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी गेले तर हॉलमध्ये लोड उभा करून ठेवलेला, त्याच्या गळ्यात भाजीची पिशवी, पिशवीत कागद. तो उंट. आणि चाळिशीकडे झुकलेला माझा मावसभाऊ, नक्षीकाम विभागाचा प्रमुख, गुडघ्यांवर आणि हातांवर चालत बकरी झालेला. बकरी उंटावर झेप घ्यायची, चुकायची, दारावर आपटायची, सपाट पडायची, उठून अंग झटकायची. कारखान्यातून आला की रोज तासभर. लेक कोपऱ्यात बसून बघायची, कधी बघायची नाही. पण त्यानं एक बदल केला होता. शेवटी बकरीला एक कागद मिळायचा, आणि ती तो चावून खायची. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून कन्नडमध्ये सगळ्याचं वर्णन करत असायची, क्रिकेटच्या सामन्याचं करतात तसं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. रोजच्या धपाधपीला कंटाळून ते एक दिवस तक्रार करायला वर आले. दार उघडंच होतं. त्यांनी आत पाहिलं: मोठा माणूस चार पायांवर, तोंडात कागद. ते आल्या पावली खाली गेले. दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या बायकोनं त्यांना सगळी हकिकत सांगितली असावी, कारण त्या संध्याकाळी ते पुन्हा वर आले ते जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. "कागद कमी पडत असतील," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बघायला बसले.

असे पाच महिने गेले. पोर आता हाक मारली की वळायची, बोट दाखवायची, बकरी आपटली की टाळ्याही वाजवायची. शब्द मात्र नाही. डॉक्टरबाई म्हणायच्या, येईल. एका शनिवारी संध्याकाळी मी तिथंच होते. त्या दिवशी उंट कपाटावर चढवलेला आणि बकरी स्टुलावर. झेप घेण्याआधीच स्टूल सरकलं. हे पडणं ठरलेलं नव्हतं. तो आडवा आला तो हातावर, आणि कट् असा आवाज मी स्वतः ऐकला. तो उठला नाही, अंग झटकलं नाही. पोर कोपऱ्यातून उठली, त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि स्पष्ट म्हणाली,

"अप्पा बिद्दा."

स्वयंपाकघरातून त्याची बायको पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि दारातच खाली बसली. तो जमिनीवरून विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली गं?" इतक्या वर्षांत बायकोचं कन्नड त्याला जेवणापुरतंच कळत होतं. ती हसत होती आणि रडत होती, दोन्हीमुळे तिला बोलता येईना. शाळेतल्या पोरांमुळे मला थोडं कन्नड कळायचं, शेवटी मीच सांगितलं, "पडला म्हणाली. अप्पा पडला."

ते ऐकून तो कुशीवर वळला. मग सुजत चाललेलं मनगट दुसऱ्या हातात धरून उठला आणि स्टुलाकडे निघाला. "परत पडतो," म्हणाला. आम्ही दोघींनी त्याला धरून ठेवलं. हाडाच्या डॉक्टरांनी कसं मोडलं विचारलं तर त्यानं ती हकिकत एवढ्या अभिमानानं सांगितली, की त्यांनी प्लास्टर घालता घालता दोनदा ऐकली. पुढचे दोन महिने त्या घरात सगळ्याला बिद्दाच होतं. दूध उतू गेलं, बिद्दा. दिवे गेले, बिद्दा. सूर्य मावळला तरी बाल्कनीत उभी राहून ती आईला सांगायची, बिद्दा. आणि मग एकेक करून बाकीचे शब्द आले, मराठी, कन्नड, सगळे एकाच ताटात.

वर्ष संपल्यावर टीव्ही परत न्यायला तो आलाच नाही. मीच दोन वर्षांनी नेऊन दिला.

ती आता दहा वर्षांची आहे. दोन भाषा घरच्या, एक शाळेची, एक खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणींची, आणि कुठलीही बोलताना श्वास घेत नाही. बापाची कार्टून तिला पटत नाहीत. "अप्पा, त्यात काही लॉजिकच नाहीय," असं ती त्याला समजावून सांगते. तिला आवडतात ती वेगळी: मोठ्या डोळ्यांची, उदास, खाली बारीक अक्षरांत संवाद येणारी. त्यानं ती बसून पाहिली. मला फोन करून म्हणाला, "आक्का, कोण पडतच न्हाय. सगळी नुसती खिडकीतनं भाईर बघत्यात." ती त्याच्या नावडीच्या यादीत गेली आहेत, पण त्यानं त्यांचे तीस भाग पाहून संपवले, कारण जेवताना लेकीशी बोलायला काहीतरी पाहिजे. परवा ती त्याला विचारत होती की शेवटच्या भागातली ती मुलगी खिडकीशी का रडली असेल, आणि दोघं बराच वेळ त्यावर गंभीरपणे चर्चा करत होते.

गेल्या रविवारी दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेले. आतल्या खोलीत लेकीचा अभ्यास चालला होता, म्हणून त्यानं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता. उंट वाळवंटातून चालला होता, बकरी मागे. मीही शेजारी बसले. बकरी कड्यावरून पडली. तो तोंडावर हात धरून हसला, आवाज होऊ नये म्हणून. टकलाच्या कडेचे उरलेले केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

मागे दार वाजलं. लेक पाणी प्यायला बाहेर आली होती. माठाशी गेली, ग्लास भरला, आणि पावलांचा आवाज आमच्या मागेच थांबला.

"ती बघतीय," मी हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मागं बघू नको."

आम्ही दोघं मान ताठ धरून बसून राहिलो. बकरीनं दोर लावला, उलटी टांगली गेली, सुटली, पुन्हा पळाली. मागे ग्लास संपत असावा. आता ती आत जाईल असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असणार, कारण त्याची बोटं गुडघ्यावर घट्ट झाली. मग पावलं हलली, पण आतल्या खोलीकडे नाही. माठावरचं झाकण सरकलं आणि ग्लासात पुन्हा पाणी पडू लागलं.